यूव्ही घेतलात, पण पाणी किती स्पीडने सोडताय?

मरीन (खाऱ्या पाण्याच्या) फिश टँकमध्ये व्हाइट स्पॉट, म्हणजे माशांवर पांढरे ठिपके आणणारा रोग, दिसला की लोक धावत जाऊन यूव्ही (पाण्यातले जंतू अल्ट्राव्हायोलेट किरणांनी मारणारं युनिट) घेतात, तोही जास्त वॉटचा, आणि मग पाइप जिथे जागा मिळेल तिथे घुसवतात. माझ्या मते दिव्यापेक्षा प्लंबिंगवर डोकं लावायला हवं.

यूव्ही युनिटच्या आत असतो पाऱ्याच्या वाफेचा दिवा, त्याचे किरण साधारण 254 नॅनोमीटरचे. ते जंतूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटवून टाकतात, मग त्याची वाढच खुंटते. साध्या काचेतून हे किरण जवळपास जातच नाहीत म्हणून दिव्यावरची नळी क्वार्ट्झची (तिला जपा, फुटली की महाग पडते).

आता हिशोब बघा. चेंबरमध्ये, म्हणजे दिव्याभोवतीच्या पोकळीत, समजा 1 लिटर पाणी मावतं. तासाला 600 लिटर सोडलं तर पाणी दिव्यासमोर सरासरी 6 सेकंद थांबतं, 3000 सोडलं तर जेमतेम सव्वा सेकंद. पाण्यातलं हिरवं शेवाळ मारायला थोडा डोस (म्हणजे किरणांखाली थोडा वेळ) पुरतो, परजीवीला बराच जास्त लागतो. म्हणून रिटर्न पंपाचं (टँकखालच्या संप नावाच्या फिल्टर टाकीतून पाणी वर टँकमध्ये पाठवणारा पंप) सगळं पाणी त्यातून नेऊ नका, लाइनला टी (T आकाराचा जोड) टाकून एक फांदी काढा, तिला बॉल व्हॉल्व्ह लावा आणि यूव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारा जोड) टाका, नाहीतर साफ करायला दर वेळी पाइप कापावा लागेल. यूव्हीतून निघालेलं पाणी थेट टँकमध्ये सोडा, संपमध्ये पंपाशेजारी सोडलंत तर तेच तेच पाणी फिरत बसतं. स्पीड मोजायला मीटर कशाला, 10 लिटरची बादली 1 मिनिटात भरली की झाले तासाला 600 लिटर.

युनिट आडवं बसवलंत तर आउटलेटचं तोंड वर ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाइपला सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावल्यावर दिवसभर वाळू द्या, मग दिवा न लावता नुसतं पाणी फिरवून लीक बघा.

आणि यूव्ही म्हणजे जादू नव्हे हं. क्रिप्टोकॅरियॉन हा व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या कातडीत घुसलेला असतो तेव्हा, किंवा वाळूत-दगडावर कवच करून बसलेला असतो तेव्हा यूव्ही त्याचं काही करू शकत नाही, पाण्यात पोहणारी पिल्लं चेंबरमधून गेली तरच मरतात. फायद्याचे बॅक्टेरिया मात्र बहुतेक दगडावरच राहतात त्यामुळे त्यांची काळजी नको.

लाइट गेली आणि पंप बंद, पण यूव्ही इन्व्हर्टरवर चालू, असं होऊ देऊ नका, थांबलेलं पाणी आत तापतं, दोन्ही एकाच स्विचवर घ्या. खारं पाणी आणि वीज जवळजवळ आहेत तेव्हा ईएलसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्या, थेंब ओघळला तर खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. उघडा दिवा लावून बघू नका, डोळ्यांना इजा होईल. क्वार्ट्झवर पांढरा थर बसला की व्हिनेगरने पुसा, आणि दिवा निळा दिसत असला तरी साधारण वर्षाने बदला, कारण तो निळा उजेड म्हणजे यूव्ही नाही, यूव्ही आपल्याला दिसतच नाही.