मेंदूतल्या गाठीची कड दाखवणारा गुलाबी प्रकाश

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत आक्रमक कर्करोग. सर्जनची खरी कसोटी लागते ती त्याच्या कडेला. दुधात पाणी मिसळावं तशा त्याच्या पेशी भोवतालच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात आणि तिथे नुसत्या नजरेला गाठ कुठली, मेंदू कुठला, हे कळत नाही. आतड्याच्या कर्करोगात गाठीसोबत आजूबाजूचा थोडा चांगला भागही काढून टाकता येतो. मेंदूत तेवढ्याच भागात रुग्णाचं बोलणं असू शकतं, उजवा हात असू शकतो.

म्हणून काही शस्त्रक्रियांत भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी रुग्णाला पाण्यात विरघळवलेलं एक औषध प्यायला देतात: 5-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅम. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की औषध स्वतः चमकतच नाही. आपलं शरीर हे रसायन रोज बनवतं. रक्ताला लाल रंग देणारं हीम ज्या साखळीतून तयार होतं, तिच्या सुरुवातीलाच ते येतं. साखळीच्या शेवटाला प्रोटोपॉर्फिरिन तयार होतं, त्यात लोह बसलं की झालं हीम. गाठीजवळ रक्तवाहिन्यांची राखण ढिली पडलेली असल्याने औषध आत शिरतं. कर्कपेशींत लोह बसवण्याचं काम रेंगाळतं आणि प्रोटोपॉर्फिरिन साचत जातं. त्यावर सुमारे 400 नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश पडला, की ते 635 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश बाहेर टाकतं. हीच प्रतिदीप्ती. म्हणजे चमकणारा पदार्थ गाठ स्वतःच तयार करते!

थिएटरमधले दिवे मंद करून मायक्रोस्कोपचा फिल्टर बदलला, की निरोगी मेंदू निळसर दिसतो, गाठीचा गाभा गडद लाल, आणि कडेकडेला तो लाल विरळ होत गुलाबी होतो. त्या गुलाबी पट्ट्यासाठीच हा सगळा खटाटोप. पांढऱ्या उजेडात तो बहुतेक वेळा निरोगी मेंदूसारखाच दिसतो.

जर्मनीत वॉल्टर स्टुमर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. एमआरआयवर उठून दिसणारी गाठ या पद्धतीने 65 टक्के रुग्णांत पूर्ण निघाली, नेहमीच्या पांढऱ्या उजेडात 36 टक्के. सहा महिन्यांनंतर आजार न बळावलेले रुग्ण 41 टक्के होते, दुसऱ्या गटात 21. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना हेही स्पष्ट सांगायला हवं. युरोपने 2007 मध्ये औषधाला मान्यता दिली, अमेरिकेने 2017 मध्ये.

औषध घेतल्यावर एक-दोन दिवस त्वचा प्रकाशाला हळवी होते, त्यामुळे रुग्णाला कडक उजेडापासून जपतात. वर रक्ताचा पातळ थर आला तरी चमक झाकली जाते. कमी आक्रमक गाठी तर अनेकदा चमकतच नाहीत.

डोळ्यांच्या तपासणीत वापरतात ते फ्लुरोसिन हा बराच स्वस्त पर्याय. मेंदूच्या गाठींसाठी त्याचा वापर 1948 मध्येच झाला होता. पण ते कर्कपेशी ओळखत नाही, रक्तवाहिनी जिथे गळते तिथे साचतं. सुजेचा भागही त्यामुळे पिवळा दिसू शकतो.

आणि गुलाबी दिसलं म्हणजे कापायचंच, असंही नाही. इथे गाठीच्या पेशी आहेत, एवढंच तो रंग सांगतो; तो भाग काय काम करतो, ते सांगत नाही. बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल, तर रुग्णाला जागं ठेवून चित्रांची नावं विचारतात आणि त्या जागी सौम्य विद्युतप्रवाह देतात. रुग्ण शब्दाला अडखळला, तर समोर गुलाबी चमकत असूनही सर्जन तिथेच थांबतात.