दोन दाबल्यानंतरचे पाच सेकंद

नागपुरातल्या कळमन्याच्या संत्रा बाजारात एका अडत्याच्या गाळ्यात मी फेब्रुवारीत नवी फोन सिस्टीम बसवली. मृग बहाराची आवक जोरात होती. काटोल, नरखेड, वरुडकडून दिवसभर फोन यायचे: आज भाव काय, गाडी कधी आणू, माझी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली का. म्हणून रेकॉर्ड केलेला मेन्यू लावला. गाडीच्या नोंदीसाठी १, भावासाठी २, पट्टीसाठी ३. ज्याला ठरावीक माणूसच हवा, त्याने थेट एक्स्टेन्शन दाबावं: २१ मालक, २२ दिवाणजी, २३ गोडाऊन.

तिसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, सकाळपासून सगळे मलेच भाव विचारून राहिले. माझी पट्टी लिहिनं बंद पडली."

मला आधी शंका आली ती यंत्राची. इंटरनेटवरून चालणाऱ्या लाइनवर कधी कधी एकच आकडा दोनदा मोजला जातो आणि २ चा २२ होतो. गाळ्यात जाऊन लॉग, म्हणजे दाबलेल्या आकड्यांची यंत्रातली नोंद, उघडला. पहिला २, आणि जवळजवळ चार सेकंदांनी दुसरा २. पुढच्या कॉललाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. यंत्राने दोनदा मोजलं असतं तर दोन नोंदींत सेकंदाचा एखादा अंश असता. चार सेकंदांचं अंतर बोटाचं असतं. शेतकरी खरोखरच दोनदा दाबत होते.

असं का होत होतं, हे समजायला बटण दाबल्यावर काय घडतं ते आधी पाहावं लागेल.

जुन्या गोल तबकडीच्या फोनमध्ये आकडा म्हणजे लाइनमधल्या विजेची तोडजोड होती. ५ फिरवला की प्रवाह पाच वेळा तुटायचा, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. एक्स्चेंजमधलं यंत्र ते झटके मोजायचं आणि तिथेच त्यांचं काम संपायचं. पलीकडे कॉल जोडल्यानंतर तबकडी फिरवली तर ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू यायची. त्यामुळे 'भावासाठी दोन दाबा' असं म्हणण्याची सोयच तेव्हा नव्हती. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत बेल कंपनीने बटणांचा फोन ग्राहकांना द्यायला सुरुवात केली आणि आकड्याचा सूर झाला. सूर आवाजाच्याच वाटेने जातो. जिथवर माणसाचं बोलणं पोचतं, तिथवर आकडाही पोचतो.

प्रत्येक बटणाला एक नाही, दोन सूर आहेत. बटणांच्या चार आडव्या ओळींना सेकंदाला ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ कंपनांचे सूर दिलेले आहेत, तीन उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७. २ हे बटण पहिल्या ओळीत आणि मधल्या रांगेत आहे, म्हणून ते दाबलं की ६९७ आणि १३३६ एकदम वाजतात. ५ दाबला तर खालचा सूर ७७० होतो, वरचा तोच राहतो. हे आकडे बघायला ओबडधोबड वाटतात, पण फार विचारपूर्वक निवडलेले आहेत. त्यातला कोणताही सूर दुसऱ्याची साधी पट नाही, आणि दोन सुरांची बेरीज किंवा वजाबाकी तिसऱ्यावर जाऊन पडत नाही.

एवढी काळजी घेतली ती माणसाच्या आवाजामुळे. लाइनवर आकड्यांबरोबर बोलणंही चालू असतं. मागे ट्रकचा हॉर्न, लिलावाचा पुकारा, एखाद्याची शीळ. एकटा सूर शीळेनेही निघू शकतो. पण ठरलेल्या सात सुरांतले नेमके दोन, जवळपास सारख्या जोराचे, एकाच वेळी गळ्यातून निघणं फार कठीण. शिवाय गळ्याचा किंवा पेटीचा सूर कधी एकटा येत नाही, त्याच्यासोबत दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर येतातच. बटणाचा सूर कोरा असतो. ओळखणारं यंत्र हेही तपासतं: दुप्पट कंपनांच्या जागी आवाज सापडला, तर हे बोलणं आहे म्हणून सोडून देतं.

तपासायची रीत मला आजही मोहात पाडते. टेलिफोनच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. यंत्र त्यातले साधारण दोनशे नमुने एका वेळी हातात घेतं, म्हणजे सेकंदाचा जेमतेम चाळिसावा हिस्सा, आणि एवढंच विचारतं की यात ६९७ किती आहे, ७७० किती आहे, १२०९ किती आहे. बाकीच्या आवाजाशी त्याला घेणंदेणं नाही. यासाठीचं गणित जेराल्ड गोएर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये मांडलं. प्रत्येक नमुन्याला एक गुणाकार आणि एक-दोन बेरजा, इतकं ते हलकं आहे. म्हणून स्वस्तातली चिपही हे काम सहज करते.

मोबाइलवर मात्र एक गंमत आहे. २ दाबल्यावर आपल्याला ऐकू येणारा 'टूं' हा बहुधा आपल्या कानापुरताच असतो. मोबाइल आवाज इतका दाबून पाठवतो की त्यातून कोरा सूर नीट जाईलच याची खात्री नसते. म्हणून साध्या मोबाइल नेटवर्कमध्ये फोन फक्त निरोप देतो, 'दोन दाबलाय', आणि खरा सूर नेटवर्कचं यंत्र तयार करून पुढच्या लाइनवर वाजवतं. इंटरनेटवरच्या लाइनमध्ये तर सूर बहुधा वाजतही नाही. तिथे आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो. आवाजाच्या पाकिटांमध्येच आकड्याची वेगळी पाकिटं जातात, आणि वाटेत एखादं हरवलं तरी आकडा हरवू नये म्हणून शेवटचं पाकीट तीनदा पाठवतात. मी सुरुवातीला ज्या दुहेरी मोजणीची शंका घेतली ती इथूनच येते. पाकीटही पोचलं आणि सूरही लाइनवर झिरपला, तर यंत्राला दोन २ दिसतात.

आता पुन्हा गाळ्यात. सूर नीट पोचत होता, यंत्र २ बरोबर ओळखत होतं. अडचण पुढची होती. २ आल्यावर यंत्राला कळेना की माणसाचं दाबून झालं की अजून १, २, ३ यातलं काही यायचंय. भाव हवा असेल तर २ वर काम संपलं. दिवाणजी हवे असतील तर अजून एक २ यायचाय. दोन्ही शक्य असताना यंत्राने थांबणंच बरोबर. मी ती वेळ पाच सेकंद ठेवली होती.

फोन कानाला लावून पाच सेकंद शांतता ऐकून बघा. फार लांब वाटते. नरखेडहून आलेले एक काका गाळ्यातच बसले होते, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "दाबला ना मी दोन. काहीच होऊन नाही राहिलं, म्हणून पुन्हा दाबला." त्यांनी अगदी शहाण्या माणसाने करावं तेच केलं होतं. चूक माझ्या नंबरांची होती.

हा प्रश्न टेलिफोन खात्याने फार आधी सोडवलेला आहे, आणि उत्तर आपल्या एसटीडी कोडमध्ये आहे. नागपूरचा ७१२, वर्ध्याचा ७१५२, भंडाऱ्याचा ७१८४. कोणताच कोड दुसऱ्या कोडच्या सुरुवातीला बसत नाही. ७, १, २ आलं की एक्स्चेंजने लगेच समजावं, नागपूर. ७, १, ५ आलं तर अजून एक आकडा हवा. कुठेही 'थोडं थांबून बघू' नाही. आकड्यांची लांबी वेगवेगळी असूनही पहिल्या काही आकड्यांतच सगळं ठरतं. नंबर वाटताना एवढी शिस्त पाळली, की यंत्राला अंदाज करत बसावं लागत नाही.

वाट पाहण्याची वेळ पाचावरून दोन सेकंदांवर आणणं हा सोपा उपाय होता, पण मला तो पटला नाही. साध्या बटणाच्या फोनवरही माणूस फोन कानापासून काढतो, बटण शोधतो, दाबतो, पुन्हा कानाला लावतो. वयस्कर माणसाला दोन आकड्यांमध्ये दोन सेकंद सहज लागतात. त्यांना दिवाणजी कधीच मिळाले नसते.

म्हणून एक्स्टेन्शन बदलले: मालक ५१, दिवाणजी ५२, गोडाऊन ५३. मेन्यूत ५ नाहीच. त्यामुळे १, २, ३ यातलं काही आलं की कॉल तत्क्षणी जातो, आणि ५ आला तरच यंत्र दुसऱ्या आकड्यासाठी थांबतं, तेही निवांत पाच सेकंद. शिवाय रेकॉर्डिंगही नव्याने केलं. आधी 'दोन दाबा भावासाठी' असं होतं, आता 'भावासाठी दोन दाबा'. आधी काम ऐकू आलं की माणूस कान देतो आणि आकडा त्याच्या लक्षात राहतो. आकडा आधी सांगितला, तर तो आपल्या कामाचा आहे हे कळेपर्यंत विसरून गेलेला असतो.

काकांना गाळ्यातूनच फोन लावायला सांगितला. त्यांनी २ दाबला आणि पुन्हा दाबायला अंगठा बटणावरच ठेवला होता. तेवढ्यात भाव सुरू झाला. तिकडे दिवाणजींनी टेबलावरच्या काचेखालचा कागद ओढून काढला, २२ वर रेघ मारली आणि पेनाने ठळक ५२ लिहिलं.