टीव्हीमागची भिंत राखाडी का झाली

जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही बंद असताना त्याची काच काळी नसायची, हिरवट राखाडी असायची. टीव्ही लावला की त्याच काचेवर निवेदकाचा कोट मात्र कुळकुळीत काळा दिसायचा. ट्यूबला उजेड टाकता येतो, असलेला काढून घेता येत नाही. म्हणजे दिवाणखान्यात उजेड असताना कोटाच्या जागची काच होती तशी राखाडीच राहायची. शेजारी उजळ चेहरा आला आणि डोळ्यांनी तिला काळी ठरवून टाकली, इतकंच. टीव्हीमागे कोणता रंग द्यावा, दिवा कुठे लावावा, हा सगळा खल डोळ्यांच्या या ठरवण्यातून निघतो.

ही भानगड पहिल्यांदा नीट तपासली गेली ती पॅरिसमध्ये, टीव्हीच्या कितीतरी आधी. गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात (सिनेमा नव्हे, भिंतीवर टांगायचे विणलेले पट) मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाई विभाग सांभाळत होते. काळा धागा पटात फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. रंगात खोट सापडेना. शेवटी दोष निघाला शेजाऱ्यांचा: निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या संगतीत काळ्याचा जोर जात होता. शेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला.

टीव्ही घरात आला तेव्हा पडदा लहान आणि अंधुक होता, म्हणून लोक खोलीत अंधार करून बसत. अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि समोर एकच लखलखीत चौकोन, डोळे शिणायचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत यावर खास ‘टीव्ही लॅम्प’ निघाले. चिनीमातीचा चित्ता, हरीण किंवा जहाज टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचं. बल्ब त्याच्या पाठीमागे, उजेड भिंतीवर. सिल्व्हेनिया कंपनीने तर ‘हेलोलाइट’ नावाने पडद्याभोवती उजळणारी चौकटच बसवली. मला विचाराल तर चित्त्याची बाजू बरोबर होती. उजेड भिंतीवरून मऊ होऊन यावा, थेट डोळ्यांत येऊ नये.

रंगीत टीव्ही आल्यावर नुसता उजेड पुरेना, त्याचा रंगही मोजावा लागला. साध्या पिवळसर बल्बचा उजेड २७०० केल्व्हिनच्या आसपास असतो (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर). खोलीभर तो पसरला की डोळे त्यालाच पांढरा मानायला लागतात आणि पडद्यावरचा पांढरा निळसर वाटतो. भिंतीचंही तेच. मागे हिरवी भिंत असेल तर चेहऱ्यांवर लालसर झाक चढते. शेव्रलचा नियम इथेही सुटत नाही. टीव्हीच्या चित्रासाठी डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रमाण ठरला, तसं व्यावसायिक मॉनिटरच्या मागच्या भिंतीनेही तोच पांढरा दाखवायचा असं ठरलं. कोणत्याच रंगाकडे न झुकणारी राखाडी भिंत ही त्यातूनच आली.

उजेड किती, याचा पाया १९६७ साली कोडॅकमधल्या बार्टलसन आणि ब्रेनमन यांनी घातला. आजूबाजूला अंधार असेल तर चित्रातले गडद भाग उजळ भासतात आणि कॉन्ट्रास्ट घटतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. सिनेमाची फिल्म मुद्दाम जास्त कॉन्ट्रास्टची करतात ती थिएटरातल्या अंधाराची भरपाई म्हणून. घरचा टीव्ही मंद उजेडाचा धनी. चित्राचा दर्जा माणसांकडून तपासून घेण्याच्या बीटी.५०० या आंतरराष्ट्रीय शिफारशीत मागच्या भिंतीची उजळता पडद्याच्या कमाल उजळतेच्या साधारण १५ टक्के धरली आहे.

प्रोजेक्टरवाल्यांनी यातलं काही उचलू नये. त्यांच्या पडद्यावरून परतलेला उजेड पांढऱ्या भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळ्याची राख करतो. तिथे भिंती गडद आणि खोली अंधारीच हवी.

२००४ मध्ये फिलिप्सचा अ‍ॅम्बिलाइट बाजारात आला. भिंतीवरचा उजेड आता चित्रासोबत रंग बदलू लागला. मजा येते, नाकारत नाही. पण तटस्थ भिंतीचा मुद्दा त्यात पार उलटा होतो.

ओलेड पडद्याचा प्रत्येक बिंदू पूर्ण विझू शकतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत त्याच्या काळ्याला भिंतीच्या मदतीची गरज उरली नाही. डोळ्यांना मात्र आहे. २०१६ च्या बीटी.२१०० शिफारशीतही एचडीआर (गडद आणि उजळ यांतलं अंतर वाढवलेलं चित्र) पाहताना पडद्याभोवती ५ निट (निट हे उजळतेचं एकक) उजेड ठेवला आहे, तोही डी६५ चाच. एलईडी पट्ट्यांच्या पाकिटावर ६५०० लिहिलेलं असतं, पण त्यातल्या काही उघड निळ्या निघतात. टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर ठेवून पडद्यावर पांढरं चित्र लावावं आणि दूर बसून त्याच्याकडे व भिंतीकडे एकाच वेळी पाहावं. पट्टी चुकली असेल तर तिथल्या तिथे कळतं.