चालू मरीन टँकमध्ये नवी वाळू टाकताना

मरीन टँकमधली, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली, वाळू कमी झाली म्हणून कोणी दुकानात आले, की आम्ही आधी टँकचा फोटो मागतो. पुष्कळदा वाळू कमी झालेली नसतेच, वेव्हमेकरच्या (टँकमधले पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोताने ती एका कोपऱ्यात जाऊन बसलेली असते. तसे असेल तर झोताची दिशा बदला, वाळू हलक्या हाताने सारखी करा आणि पैसे वाचवा. सायफन करताना (नळीने तळाचा गाळ ओढून काढताना) मात्र थोडी थोडी वाळू खरोखरच निघून जाते. तशी गेली असेल तर पुढचे वाचा.

तीन फूट बाय दीड फूट तळाला एक इंच थर द्यायला साधारण 15 ते 16 किलो कोरडी वाळू लागते. वाळू अरॅगोनाइटचीच (हे कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) घ्या, दाणा 1 ते 2 मिलिमीटरचा. त्याहून बारीक घेतली तर ती झोतासमोर टिकत नाही. बांधकामाची वाळू नको आणि गुहागर-दापोलीहून येताना भरून आणलेली पिशवीही नको. कोकणच्या काळसर वाळूत लोहयुक्त खनिजे असतात. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले नाहीत तर ती अरॅगोनाइट नव्हे.

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन तांदळासारखी धुवा. पहिले पाणी दुधासारखे निघेल. ते बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत नळाचे पाणी चालेल, शेवटचे दोन हात आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचे. ‘लाइव्ह सँड’ची, म्हणजे जिवंत जिवाणू असलेल्या वाळूची, पिशवी मात्र धुवायची नाही, धुतली तर ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच वाहून जाईल.

आता मुख्य गोष्ट. सगळी वाळू एकदम ओतू नका. जुन्या थरातले अमोनिया पचवणारे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात आणि बारीक किडेही तिथेच असतात. वरून अचानक जाड थर पडला तर ते गुदमरून मरतात, कुजतात आणि अमोनिया चढतो. म्हणून तळाचे चार भाग कल्पा. आठवड्याला एका भागात वाळू टाका, थर अर्ध्या इंचाहून जाड नको. घाईच्या गिऱ्हाइकांना हे पटत नाही, पण आमचा आग्रह कायम आहे.

वाळू टाकण्याआधी वेव्हमेकर आणि रिटर्न पंप (संपमधून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर चढवणारा) बंद करा. दीड इंची पीव्हीसी पाइपचे खालचे टोक जुन्या वाळूपासून बोटभर वर धरा आणि ओली वाळू कपाने वरून सोडा. कोरलवर पांढरा थर बसला तर जाड पिचकारीने टँकचेच पाणी मारून उडवा. तासाभराने पंप सुरू करा आणि संपमध्ये स्वच्छ फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) लावा. पाणी दिवस-दोन दिवस गढूळ राहील, त्याने घाबरू नका. पुण्यात बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तेवढा वार टाळा.

दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया तपासा. तो शून्य नसेल तर पुढचा भाग थांबवा आणि 15 ते 20 टक्के पाणी बदला.

जुना थर चार इंचांहून खोल असेल, त्यात काळे पट्टे दिसत असतील किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो उकरू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो आणि तो माशांना विषारी असतो. आधी आम्हाला फोन करा, आम्ही येऊन बघू.

न उघडलेली पिशवी आम्ही परत घेतो. धुतलेली वाळू उरली तर उन्हात खडखडीत वाळवून ठेवा. ओली बांधून ठेवली तर कुबट वास धरते.