आवळ्याचं पान आणि चिंचेचं पान: दिसतं सेम, पण आहे का सेम?

आवळ्याची एक डहाळी आणि चिंचेचं एक पान शेजारी ठेवलं तर भलेभले फसतात, कारण दोन्हीकडे मधे एक काडी आणि दोन्ही बाजूंना बारीक बारीक हिरवं. पण चिंचेची ती अख्खी काडी म्हणजे एकच पान आहे, त्यावरचे तुकडे म्हणजे पर्णिका, आणि आवळ्याचं मात्र प्रत्येक बारीक पान हे स्वतंत्र, पूर्ण पान आहे आणि मधली काडी ही चक्क फांदी आहे!

ओळखायचं कसं? बगल बघा, म्हणजे पान जिथे फांदीला चिकटतं तो वरचा कोपरा. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. चिंचेची कळी सापडेल ती अख्खी काडी जिथे फांदीला चिकटते तिथे. आवळ्यात मात्र त्या बारीक पानांच्या बगलेतच पिवळसर हिरवी फुलं येतात आणि पुढे आवळे तिथेच लटकतात, त्यामुळे फळ धरलेली डहाळी हातात घेतली की विषयच संपतो. गोंधळ वाढवणारी एक गोष्ट म्हणजे पानगळीत आवळा ही डहाळीच अख्खी टाकून देतो, अगदी पान गळावं तशी.

आता जीन्सकडे, म्हणजे जनुकांकडे येऊ, मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. पान कुठे फुटणार आणि फुटलेलं पान कोणत्या आकाराचं होणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कुठे फुटणार हे मुख्यतः ऑक्झिन या हार्मोनवर ठरतं, कोंबाच्या टोकाला ते जिथे साठतं तिथे नवं पान येतं, आणि ते साठवायचं काम पिन१ नावाचं प्रोटीन करतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात हे प्रोटीन बनवणारा जीन बिघडला की फुलोऱ्याचा दांडा टाचणीसारखा बोडका राहतो, आणि त्या टोकावर बाहेरून ऑक्झिन लावलं की तिथे फुलाचा कोंब फुटतो.

आकाराचा मामला वेगळा. नॉक्स जीन्स कोंबाच्या टोकाला पेशी कोवळ्या, वाढत्या ठेवतात. पान बनायला लागलं की ते बंद होतात, आणि साध्या पानात बंदच राहतात, पण टोमॅटोसारख्या संयुक्त, म्हणजे पर्णिकांच्या पानात ते पुन्हा चालू होतात, म्हणून पान लवकर पक्कं होत नाही आणि कडेने पर्णिका फुटत जातात. १९९६ साली टोमॅटोत मक्याचा असा जीन घातल्यावर एकेका पानाला शेकडो पर्णिका आल्या. वाटाणा मात्र हेच काम नॉक्सऐवजी दुसऱ्याच जीनकडून करून घेतो, अरॅबिडॉप्सिसमध्ये जो फूल घडवतो त्याच्याच भावंडाकडून.

म्हणजे चिंचेचा पिसासारखा लूक हा पानाच्या आकारातून आलाय आणि आवळ्याचा पानांच्या मांडणीतून. पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवणारी भुईआवळीही आवळ्याच्याच गटातली, ती उपटून टाकण्याआधी एकदा उलटी करून बघा, प्रत्येक पानाखाली बारीक गोल फळं ओळीने लागलेली दिसतील.