फोर्ट स्टिकीन: गोदीतल्या स्फोटाआधीची गोष्ट

१४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट बऱ्याच जणांना ऐकून माहितीये, सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या वगैरे. पण ज्या जहाजावर तो झाला ते फोर्ट स्टिकीन मुळात आलं कुठून, आणि दारूगोळा, कापूस नि सोनं एकाच जहाजात भरायची वेळ का आली हे फारसं कुणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजं इतक्या झपाट्याने बुडवत होत्या की एकट्या ब्रिटिश शिपयार्डांना ती भरपाई झेपेना. मग इंग्लंडमधल्या सुंदरलँडचं एक साधंसुधं डिझाईन घेतलं, वाफेचं इंजिन, ११ नॉटच्या आसपास स्पीड, साधारण १०,००० टन माल वगैरे वजन पेलेल एवढं, आणि तशी जहाजं अमेरिका नि कॅनडात धडाधड बांधायला घेतली. अमेरिकेची ती फेमस लिबर्टी शिप्स याच घराण्यातली. कॅनडात बांधून ब्रिटनला चालवायला दिलेल्यांची नावं 'फोर्ट'ने सुरू होतात. फोर्ट स्टिकीन १९४२ मधे ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रुपर्टला बांधलं, ७,१४२ ग्रॉस टनांचं (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप), नाव हडसन बे कंपनीच्या अलास्कातल्या जुन्या ठाण्यावरून.

२४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघालं तेव्हा आत जवळपास १,४०० टन स्फोटकं होती (टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे), शिवाय स्पिटफायर विमानं आणि ३१ पेट्यांत सोनं. विमानं कराचीला उतरवली, जागा रिकामी झाली, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच झाला. जहाजांची एवढी टंचाई की रिकामी जागा ठेवून निघणं परवडायचंच नाही, म्हणून तिथे कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या, वर तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, माशांचं खत. दोन नंबरच्या होल्डमधे (जहाजाच्या पोटातला माल ठेवायचा कप्पा) तर कापूस आणि स्फोटकं दोन्ही! कॅप्टन नेस्मिथला हे पटत नव्हतं, पण युद्धात कोण ऐकणार.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागलं. एरवी असं जहाज गोदीत घेतच नसत, माल बाहेरच छोट्या होड्यांत उतरवायचा, पण युद्धामुळे नियम सैल केलेले. धोक्याचा लाल बावटाही चढवला नव्हता. १४ तारखेला दुपारी दोन नंबरमधून धूर दिसला, ९०० टन पाणी ओतलं तरी आग नेमकी कुठे लागलीये ते सापडेना, जहाज बुडवायचं का बाहेर ओढून न्यायचं यावर नुसती चर्चा चालू. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४.३४ ला दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंद झाली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आंबेडकर जयंतीच आठवते, पण देशभर अग्निशमन सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो तो यांच्यासाठी. एकूण मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात, त्यात गोदी कामगार किती याचा हिशोब कधी नीट लागलाच नाही.

बातमी मात्र दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव (व्हिएतनाम) रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, इथल्या पेपरांना छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात! सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना सापडत राहिल्या.