वाघ दिसेल ना? सफारीला निघण्याआधी हे वाचा

नागपूरहून सफारीसाठी आमची गाडी ठरवताना पाहुणे भाडे नंतर विचारतात, आधी विचारतात, “वाघ दिसेल ना?” आमचे उत्तर ठरलेले आहे: सांगता येत नाही. कोणी हमी देत असेल, तर त्याला आगाऊ रक्कम देण्याआधी दोनदा विचार करा.

वाघाला आठवड्याला साधारण एक मोठे जनावर लागते. तेवढी शिकार मिळावी म्हणून तो एकट्याचा मोठा इलाखा राखतो आणि आज या नाल्यात, तर उद्या पुढच्या टेकडीपलीकडे असतो. पिल्ले दोनेक वर्षांची झाली की आईला सोडून नवी जागा शोधायला निघतात. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा पट्टा) लावलेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत शेते, रस्ते, गावे, सगळे ओलांडून. अशा प्राण्याला आपल्या सहा वाजताच्या गेटशी काय देणेघेणे!

म्हणून जिप्सीत बसल्यावर डोळ्यांइतकेच कान वापरा. वाघाची चाहूल लागली की इतर जनावरे ओरडून सावध करतात, त्यालाच ‘कॉल’ म्हणतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखे ओरडते, पण त्याला बिबट दिसला तरी ते ओरडणारच. चितळ भित्रे, त्याच्या एखाद्या कॉलवर फार विसंबू नका. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. त्याचा मोठा, खणखणीत कॉल पुन्हापुन्हा आला, तर गाईडला इंजिन बंद करून थांबायला सांगा. आमच्या मते पाच गाड्यांमागे धावण्यापेक्षा एका कॉलवर वीस मिनिटे शांत बसलेले बरे. त्या वेळात रानकुत्र्यांची टोळी, रानगवे किंवा रोही (नीलगाय) समोरून गेली, तर फोटो काढताना हात आखडता घेऊ नका. रानकुत्रे जगात वाघासारखेच संकटात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडली की त्या झाडाखाली अस्वल दिसू शकते.

जायचे कुठे? राज्यातल्या सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. वाघासाठी सर्वाधिक मागणी ताडोबाला, आणि ती खोटी नाही. पण एका दिवसात जाऊन यायचे असेल तर पेंचचे सिल्लारी गेट सोयीचे, नागपूरपासून साधारण सत्तर किलोमीटर. आपल्या नळाला येणारे बरेचसे पाणी याच जंगलातल्या तोतलाडोह धरणाचे आहे, हे मुलांना जरूर सांगा. जबलपूर महामार्गावर देवलापारच्या पुढे गाडी उंच पुलांवरून जाते. खालून जनावरांना जाता यावे म्हणून ते बांधले आहेत. सगळ्यांत लांब पूल साडेसातशे मीटरचा आहे, आणि त्याखालून वाघ गेल्याचे फोटो कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत) आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे व्याघ्रप्रकल्प नव्हे, अभयारण्य आहे, तरी वाघ तिथेही आहेत. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ इथेच नावारूपाला आला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला.

वाघ वाढले का? हो. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ होते, २०२२ मध्ये ४४४. त्यामुळे बफरच्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतून गुरे मारली जातात, माणसांवर हल्लेही होतात. गाईड आणि जिप्सीचालक बहुधा याच गावांतले असतात. त्यांच्याशी बोला, पण वाघ दाखवण्यासाठी जादा पैशांचे आमिष दाखवू नका. त्यातूनच वाट अडवणे आणि फार जवळ जाणे सुरू होते.

आता व्यवहाराचे. आमची गाडी गेटपर्यंतच जाते, आत वनविभागाकडे नोंद असलेली जिप्सी आणि गाईड घ्यावेच लागतात. परवान्यावर ज्यांची नावे असतील, त्यांनी नोंदणीवेळी दिलेले तेच ओळखपत्र मूळ प्रत स्वरूपात आणायचे. ते विसरले तर गेटवर आमचे काही चालत नाही. ताडोबा मंगळवारी बंद असते. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद राहतो, बफर पावसाप्रमाणे. एप्रिल-मेमध्ये पाणवठे कमी उरतात, त्यामुळे दर्शनाची शक्यता वाढते, पण ऊन पंचेचाळीसला टेकते. टोपी, दुपट्टा आणि पाण्याची बाटली तुमची. रिकामी बाटली परत गाडीत.

सकाळच्या सफारीसाठी आम्ही पहाटे तुमच्या दारातून निघतो. वेळ आदल्या संध्याकाळी फोनवर कळवू. परतताना तर्री पोह्यांसाठी थांबायचे असल्यास चालकाला सांगा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.